सोलापूरचं हवामान कोणत्या प्रकारात मोडतं? कोपेनची आकडेमोड पायरीपायरीनं

सोलापूरच्या हवामानाचा प्रकार शोधायला बसलात की थोड्याच वेळात तीन उत्तरं हाती येतात. अकरावीच्या भूगोलाच्या तक्त्यावरून 'एडब्ल्यू', म्हणजे उष्ण कटिबंधीय सॅव्हाना. नेटवरच्या रंगीत नकाशात 'बीएसएच', म्हणजे उष्ण निमशुष्क. आणि कृषी विभागाच्या कागदांवर 'अवर्षणग्रस्त विभाग'. बहुतेक मुलं यातलं एक उचलतात, प्रकल्पाच्या वहीत उतरवतात आणि तोंडी परीक्षेत सरांनी "कशावरून?" म्हटलं की एकमेकांकडे बघतात.

पहिली दोन अक्षरनावं कोपेन या हवामानशास्त्रज्ञाच्या पद्धतीतली आहेत. त्यांचं 'कशावरून' काढणं अवघड नाही. बारा महिन्यांचं तापमान आणि बारा महिन्यांचा पाऊस, असे चोवीस आकडे हाती आले की प्रकार तुमचा तुम्हाला काढता येतो. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे गणित नाही. मी हे आधी स्वतःच्या प्रकल्पासाठी केलं, नंतर धाकट्या मंडळींच्या वह्या बघताना मुलं नेमकी कुठे अडतात तेही कळत गेलं. उदाहरणाला सोलापूर घेण्याचं एक कारण ते आपलं गाव आहे हे, आणि दुसरं म्हणजे आपलं शहर दोन प्रकारांच्या सीमेला खेटून आहे. जैसलमेरला कोणीही डोळे झाकून वाळवंट म्हणेल. सोलापूरला मात्र सूत्र लावूनच बघावं लागतं.

काय काय लागेल

- तुमच्या जवळच्या वेधशाळेची महिनावार सरासरी: कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस. शक्यतो ३० वर्षांची.
- वही आणि कॅल्क्युलेटर. एक्सेल येत असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.
- पाऊस कोणत्या एककात आहे याची खात्री: मिलिमीटर, सेंटिमीटर की इंच.
- आकडे कोणत्या काळाचे आणि कोणत्या केंद्राचे, याची नोंद. ती पहिल्याच दिवशी करून ठेवा. शेवटी शोधत बसलात तर सापडत नाही.

१. आधी पद्धत कोणाची आणि कशासाठी, ते समजून घ्या

व्लादिमिर कोपेन याचा जन्म १८४६ चा, सेंट पीटर्सबर्गचा. शाळेचं शिक्षण क्रिमियात झालं आणि पुढचं बरंचसं काम जर्मनीत. मुळात त्याला वनस्पतींची ओढ. १८८४ मध्ये त्याने जगाचे उष्णतेचे पट्टे मांडले, १९०० मध्ये वनस्पतींच्या आधारावर हवामानाचं वर्गीकरण केलं आणि १९१८ व १९३६ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा केल्या. १९४० मध्ये तो वारला. पुढे रुडॉल्फ गायगर यांनी ते काम सुरू ठेवलं, म्हणून नकाशांवर 'कोपेन-गायगर' असं जोडनाव दिसतं. (खंड सरकतात असं सांगणारा आल्फ्रेड वेगेनर हा या कोपेनचा जावई. तोंडी परीक्षेत हे विचारत नाहीत, पण लक्षात राहतं.)

कोपेनची कल्पना साधी होती. एखाद्या भागात कोणती झाडं आपसूक वाढतात, त्यावर तिथल्या ऊन-पावसाची खूण असते. म्हणून त्याने सीमा आखल्या त्या झाडांच्या मर्यादांवरून. सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली असेल तर झाडं उभी राहत नाहीत. सर्वांत थंड महिना १८ अंशांच्या खाली गेला की खऱ्या उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींना तो सोसत नाही. ऊन अंगाला किती लागतं, माणसाला घाम किती येतो, याच्याशी या अक्षरांचं काही देणंघेणं नाही. मे महिन्यात तुम्हाला सोलापूर वाळवंट वाटलं, तरी त्याने उत्तर बदलत नाही.

मुख्य गट पाच:

- ए: उष्ण. सर्वांत थंड महिनासुद्धा १८ अंश किंवा वर.
- बी: शुष्क. तापमानाच्या मानाने पाऊस अपुरा.
- सी: समशीतोष्ण. सर्वांत थंड महिना १८ च्या खाली, पण ० च्या वर.
- डी: थंड, खंडीय. सर्वांत थंड महिना ० च्या खाली, सर्वांत उष्ण महिना १० च्या वर.
- ई: ध्रुवीय. सर्वांत उष्ण महिनाही १० च्या खाली.

सी आणि डी यांच्यामधली सीमा काही पुस्तकांत ० अंश असते, काहींत उणे ३. कोपेनची मूळ उणे ३ ची, ० नंतर काही अभ्यासकांनी वापरली. आपल्याला त्याने फरक पडत नाही, पण हिमाचल-काश्मीरवर लिहिणार असाल तर कोणती धरली ते सांगा. काही पुस्तकांत पर्वतीय हवामानासाठी 'एच' असा सहावा गटही दिसतो. तो नंतर जोडलेला आहे.

२. आकडे मिळवा

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून वेधशाळांच्या सरासरीचे तक्ते प्रसिद्ध होतात. सध्या चालू असलेली सरासरी १९९१ ते २०२० या तीस वर्षांची. सोलापूर शहराची वेधशाळा त्यात आहे. करमाळ्याकडच्यांसाठी जेऊरचं केंद्र आहे. हिवाळ्यात किमान तापमानाच्या बातम्यांत ज्या जेऊरचं नाव येतं तेच.

सांगोला, माढा, बार्शी, अक्कलकोट अशा ठिकाणचा पाऊस हवा असेल तर कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर तालुका आणि महसूल मंडळापर्यंत आकडे मिळतात. तापमानाची तितकी लांब मालिका गावोगावी नसते. तिथे जवळच्या वेधशाळेचं तापमान आणि गावाचा पाऊस असं जोडकाम करावं लागतं. ते चालतं, फक्त तसं केल्याचं लिहून ठेवा.

इथे तीन गोष्टी टाळा.

मोबाइलच्या हवामान ॲपमधली 'सरासरी' घेऊ नका. ती कोणत्या काळाची, कोणत्या केंद्राची, काही सांगितलेलं नसतं.

वर्तमानपत्रातलं तापमान घेऊ नका. बातमी ४३ अंशांची होते, कारण ते कमाल असतं. आपल्याला महिन्याची सरासरी हवी: कमालची सरासरी अधिक किमानची सरासरी, भागिले दोन. सोलापूरचा मे महिना या हिशोबाने ३३ च्या आसपास येतो. हा आकडा बघून मुलं "सर, काहीतरी चुकलंय" म्हणतात. चुकलेलं नसतं, पहाटेचा गारवाही त्यात मोजलेला असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे एकाच वर्षाचे आकडे. ते का घ्यायचे नाहीत हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून पाचव्या पायरीत करूनच दाखवलंय.

३. तक्ता लावा आणि एकक तपासा

वहीत तीन रकाने करा: महिना, सरासरी तापमान, पाऊस. बारा ओळी. खाली तापमानाची वार्षिक सरासरी आणि पावसाची वार्षिक बेरीज. तापमानाची बेरीज आणि पावसाची सरासरी काढणारेही भेटतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

एककाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. जुन्या पुस्तकांत कोपेनचं शुष्कतेचं सूत्र (ते चौथ्या पायरीत येईल) सेंटिमीटरमध्ये असतं: तापमानाची दुप्पट अधिक २८. आजकाल ते मिलिमीटरमध्ये लिहितात: तापमानाची वीस पट अधिक २८०. दोन्ही एकच. पण पाऊस मिलिमीटरमध्ये आणि सूत्र सेंटिमीटरचं असं झालं की जैसलमेरसुद्धा शुष्क ठरत नाही. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमधून पाऊस काढणार असाल तर तो इंचांत असतो, २५.४ ने गुणा.

रोजच्या नोंदींवरून महिन्याची बेरीज करत असाल तर आणखी एक बारकावा. हवामान विभाग पाऊस सकाळी साडेआठला मोजतो आणि त्याआधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लिहितो. ३० सप्टेंबरच्या रात्री कोसळलेला पाऊस १ ऑक्टोबरच्या ओळीत सापडतो. एरवी हे सोडून दिलं असतं. सोलापुरात नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरची हद्द महत्त्वाची आहे, म्हणून सांगितलं.

पुढच्या हिशोबासाठी मी सोलापूरचे गोल केलेले आकडे वापरतोय: वार्षिक सरासरी तापमान २७ अंश, वर्षाचा पाऊस ७४० मिमी. डिसेंबर-जानेवारी २२-२३ अंशांच्या आसपास. तुमच्या तक्त्यात थोडा फरक असेल, तर तुमचेच आकडे घाला.

४. सुरुवात 'ए' पासून नाही, 'बी' पासून करा

अक्षरं ए, बी, सी अशी असल्यामुळे सगळे त्याच क्रमाने जातात. सोलापूरचा थंड महिना २२ अंशांचा, म्हणजे १८ च्या वर, म्हणजे 'ए', आणि काम संपलं. वहीत 'एडब्ल्यू' येतं ते बऱ्याचदा असं. दुसरी वाट एनसीईआरटीच्या अकरावीच्या तक्त्यातून येते. तिथे कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडचं बहुतेक द्वीपकल्पीय पठार एडब्ल्यूमध्ये घातलेलं आहे. तक्त्यात 'बहुतेक' असा शब्द आहे. तो वाचायचा राहून जातो.

शुष्कतेची चाचणी आधी करायची, कारण बी गट बाकीच्यांवर मात करतो. पाऊस अपुरा असेल तर थंड महिना कितीही उबदार असला तरी ते ठिकाण 'ए' होत नाही. (फक्त 'ई' ला ही चाचणी लावत नाहीत.)

चाचणी अशी. आधी वर्षाचे दोन भाग करा: एप्रिल ते सप्टेंबर हा उन्हाळी भाग, ऑक्टोबर ते मार्च हा हिवाळी. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे मार्च ते मे आणि पावसाळा वेगळा, त्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो. उत्तर गोलार्धात कोपेनचा उन्हाळा म्हणजे सूर्य वर असलेले सहा महिने. जून-जुलैचा आपला पाऊस त्याच्या भाषेत उन्हाळी पाऊस आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आता कोणत्या भागात किती पाऊस पडतो ते बघा आणि उंबरठा काढा. वर्षाचा पाऊस या आकड्याच्या खाली असेल तर ठिकाण शुष्क. (तापमान म्हणजे इथे वार्षिक सरासरी.)

- ७० टक्के किंवा जास्त पाऊस उन्हाळी भागात: तापमान × २० + २८०
- ७० टक्के किंवा जास्त पाऊस हिवाळी भागात: तापमान × २०
- दोन्हीपैकी काहीच नाही: तापमान × २० + १४०

मागचं तर्कशास्त्र असं की उन्हात पडलेलं पाणी लवकर उडून जातं, मुळांपर्यंत कमी पोचतं. म्हणून उन्हाळी पावसाच्या ठिकाणी जास्त पाऊस मागायचा, हिवाळी पावसाच्या ठिकाणी कमी. तापमान एक अंशाने वाढलं की मागणी २० मिमीने वाढते.

सोलापूरला मोसमी पावसाचे चार महिने आणि एप्रिल-मेचे वळीव मिळून उन्हाळी भागाचा वाटा ७० टक्क्यांच्या बराच वर जातो. तेव्हा पहिलं सूत्र:

२७ × २० + २८० = ८२०

पाऊस ७४०. उंबरठ्यापेक्षा कमी. म्हणजे सोलापूर 'बी'.

५. इथे थांबून सीमेकडे नीट बघा

८२० आणि ७४० यांच्यात फरक ८० मिमीचा. परतीच्या पावसाचे दोन-तीन दमदार दिवस झाले की तेवढा पाऊस होऊन जातो. एखादं वर्ष ९०० मिमीचं निघालं तर त्या वर्षापुरतं सोलापूर शुष्क गटातून बाहेर.

याहून गमतीचा भाग वेगळा आहे. पाऊस वाढायचीही गरज नाही, तो नुसता उशिरा पडला तरी प्रकार बदलू शकतो. धरा की वर्षभरात तेवढाच, ७४० मिमी पडला. पण जून-जुलै कोरडे गेले आणि ऑक्टोबरने झोडपलं. हिवाळी भागाचा वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे साधारण २२२ मिमीहून जास्त. मग उन्हाळी भाग ७० टक्क्यांच्या खाली येतो आणि सूत्र बदलतं:

२७ × २० + १४० = ६८०

७४० हे ६८० पेक्षा जास्त. सोलापूर आता शुष्क नाही! पुढच्या पायऱ्या केल्या की 'एडब्ल्यू' येतं. एक थेंबही न वाढता.

ही नुसती कागदावरची कल्पना नाही. आपल्या भागात सरासरीने सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे जुलैत कोकण भिजत असताना इथे नुसते ढग जातात. मोसमी वारे परतायला लागले की मग आपलं खातं उघडतं. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यात अतिवृष्टीने आणि पुराने काय झालं ते भीमाकाठच्या पंढरपूरकरांना सांगायला नको. पावसाचा मुख्य भरच हद्दीजवळ असल्यामुळे तो पंधरा दिवस पुढे सरकला की टक्केवारी हलते. म्हणून एका वर्षाच्या आकड्यांवरून प्रकार ठरवू नका. तीस वर्षांच्या सरासरीत असे चढउतार जिरून जातात.

माझं मत विचाराल तर कोपेनची सोलापूरवरची पकड इथेच सुटते. त्याच्या सूत्राला जमीन माहीत नाही. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात सप्टेंबरचं पाणी मुरतं, वाफसा आला की पेरणी होते आणि पुढे एकही पाऊस न होता शाळू त्या ओलीवर पोसतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते काही उगाच नाही. तोच पाऊस माळशिरसकडच्या एखाद्या मुरमाड माळावर पडला तर आठ दिवसांत जमीन पुन्हा कोरडी. सूत्रात दोन्ही रानं एकाच अक्षरात. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३० च्या दशकातच सोलापूर निवडलं गेलं, ते पाऊस आणि जमीन यांच्या याच जोडीमुळे. तुमचा प्रकल्प शेतीवर असेल तर कोपेनवर थांबू नका, मातीची खोली जोडा.

६. दुसरं आणि तिसरं अक्षर

'बी' आल्यावर उंबरठ्याचं निम्मं करा: ४१०. पाऊस निम्म्याहून कमी असेल तर वाळवंट, मोठ्या लिपीतला 'डब्ल्यू'. निम्मं ते पूर्ण यांच्या मध्ये असेल तर निमशुष्क गवताळ, मोठ्या लिपीतला 'एस'. ७४० हे ४१० च्या वर, म्हणून 'एस'.

तिसरं अक्षर: वार्षिक सरासरी १८ अंश किंवा वर असेल तर छोटा 'एच', खाली असेल तर छोटा 'के'. सोलापूर २७, म्हणून 'एच'.

उत्तर: बीएसएच (इंग्रजीत BSh), उष्ण निमशुष्क.

मोठ्या-छोट्या लिपीकडे दुर्लक्ष करू नका. मोठा 'डब्ल्यू' म्हणजे वाळवंट, छोटा 'डब्ल्यू' म्हणजे कोरडा हिवाळा. मोठा 'एस' म्हणजे गवताळ प्रदेश, छोटा 'एस' म्हणजे कोरडा उन्हाळा. ही अक्षरं जर्मन शब्दांची आद्याक्षरं आहेत, इंग्रजीतून अर्थ लावत बसलात तर लागणार नाही. काही जुन्या पुस्तकांत 'बीएसएचडब्ल्यू' असं चार अक्षरी रूप दिसतं. शेवटचा छोटा 'डब्ल्यू' हिवाळा कोरडा असल्याचं सांगतो, बाकी प्रकार तोच.

७. 'बी' आलं नाही तर

तुमचं गाव नागपूर किंवा कोकणाकडचं असेल तर ही पायरी तुमच्यासाठी. सोलापूरकरांनी सोडली तरी चालेल.

'ए' गटात सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस बघा. तो ६० मिमी किंवा जास्त असेल तर 'एएफ', बारमाही पावसाचं (सिंगापूर हे त्याचं ठरलेलं उदाहरण). ६० पेक्षा कमी असेल तर हे करा: वर्षाचा पाऊस भागिले २५, आणि आलेला आकडा १०० मधून वजा. कोरडा महिना या उत्तराइतका किंवा जास्त असेल तर 'एएम', मोसमी. कमी असेल तर 'एडब्ल्यू'.

आपल्याकडे कोरड्या महिन्याचा पाऊस जवळपास शून्यच. तेव्हा वर्षाला २५०० मिमीच्या वर पाऊस असला की वजाबाकी शून्याखाली जाते आणि 'एएम' आपोआप मिळतं. रत्नागिरी तीन हजारांच्या वर, म्हणून एएम. मुंबई अडीच हजारांच्या थोडी आत राहते, म्हणून एडब्ल्यू. जुलैत रुळांवर पाणी साचलेलं पाहणाऱ्या मुंबईकराला हे पटवून द्यायला कष्ट पडतात.

'सी' आणि 'डी' मध्ये दुसरं अक्षर पावसाचा ऋतू सांगतं (छोटा एस, छोटा डब्ल्यू किंवा छोटा एफ) आणि तिसरं उन्हाळ्याची तीव्रता. सर्वांत उष्ण महिना २२ अंश किंवा वर असेल तर छोटा 'ए'. खाली असून किमान चार महिने १० च्या वर असतील तर छोटा 'बी'. सिमला 'सीडब्ल्यूबी' ते यावरून. 'ई' मध्ये उष्ण महिना ० च्या वर असेल तर टुंड्रा, खाली असेल तर कायमचा बर्फ.

८. शेजाऱ्यांशी ताडून बघा

उत्तर आलं की दोन-तीन ओळखीच्या ठिकाणांना तीच पद्धत लावा. हिशोबात घोळ असेल तर इथे सापडतो.

- नागपूर: तापमान आपल्यासारखंच, २७ च्या आसपास, उंबरठाही ८२० च्या जवळ. पण पाऊस हजाराच्या वर. म्हणून एडब्ल्यू.
- पुणे (शिवाजीनगर): पाऊस साधारण आपल्याइतकाच. पण सरासरी तापमान २५ च्या आसपास, म्हणून उंबरठा ७८० वर येतो. पुणे सीमेच्या आपल्याहूनही जवळ, आणि म्हणूनच एका नकाशात बीएसएच, दुसऱ्यात एडब्ल्यू सापडतं.
- जैसलमेर: पाऊस उंबरठ्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. बीडब्ल्यूएच.
- लेह: तेही वाळवंट, पण वार्षिक सरासरी १८ च्या खूप खाली. बीडब्ल्यूके, थंड वाळवंट.

दुसरा पडताळा डोळ्यांनी करायचा. पद्धत वनस्पतींवरून निघाली असेल तर आजूबाजूला ती खूण दिसायला हवी. सुट्टीच्या दिवशी नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जा. दूरवर गवत, मध्येच एखादी बाभूळ किंवा बोर, आणि सावली शोधावी लागेल असा माळ. 'एस' या अक्षराने कोपेनला हेच सांगायचं होतं. उसाचे मळे बघून मात्र फसू नका. ते उजनी धरणाचं पाणी आहे, आभाळाचं नाही.

९. इतर पद्धतींची ओळख, थोडक्यात

प्रश्नपत्रिकेत 'कोपेन आणि थॉर्नथ्वेट यांची तुलना करा' हमखास येतं. सी. डब्ल्यू. थॉर्नथ्वेट या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये एक आणि १९४८ मध्ये दुसरी, जास्त प्रसिद्ध पद्धत मांडली. पाणी मुबलक असतं तर जमीन आणि झाडं मिळून किती पाणी उडालं असतं, ते आधी काढायचं आणि पावसाशी त्याची तुलना करायची. कल्पना जास्त पटणारी आहे, हिशोब जास्त किचकट. सोलापुरात ही मागणी पावसाच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे याही पद्धतीत उत्तर निमशुष्कच येतं.

ग्लेन ट्रिवार्थाची पद्धत म्हणजे कोपेनचीच दुरुस्ती, मुख्यतः मध्य अक्षांशांसाठी. आपल्या कामाला फारशी लागत नाही.

सुरुवातीला सांगितलेला 'अवर्षणग्रस्त विभाग' या सगळ्यांहून वेगळा. राज्यात शेतीच्या नियोजनासाठी नऊ कृषी हवामान विभाग पाडलेले आहेत, त्यात पाऊस, जमीन आणि पिकं एकत्र बघतात. सोलापूर जिल्हा त्यातल्या अवर्षणग्रस्त विभागात येतो. बीएसएच आणि हा विभाग एकमेकांना खोडत नाहीत, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पण वहीत दोन्ही एकाच रकान्यात लिहू नका, गुण जातात.

१०. वहीत कसं लिहाल

नुसतं 'बीएसएच' लिहून सोडू नका. नमुना म्हणून हे वाक्य घ्या आणि रिकाम्या जागी तुमचे आकडे भरा:

"… वेधशाळेच्या १९९१–२०२० या काळातील महिनावार सरासरीवरून, कोपेन-गायगर पद्धतीने, वार्षिक सरासरी तापमान … अंश, वार्षिक पाऊस … मिमी, एप्रिल-सप्टेंबरचा वाटा … टक्के, शुष्कतेचा उंबरठा … मिमी. प्रकार: बीएसएच. उंबरठ्यापासूनचं अंतर … मिमी."

शेवटचा रकाना सहसा कोणी भरत नाही. तुम्ही भरा. पुढचा प्रश्न "मग पुणं कशात?" असा आला तर उत्तर त्याच आकड्यापासून सुरू करता येतं.

नेटवरचा नकाशा चिकटवणार असाल तर तो कोणत्या काळाच्या आकड्यांवर काढलाय ते खाली लिहा. असे नकाशे चौकटी-चौकटींच्या जाळीवर बनतात, आणि दोन केंद्रांच्या मधली जागा अंदाजाने भरलेली असते. सीमेवरच्या जिल्ह्यात रंग इकडचा तिकडे होतो तो त्यामुळेही. तुमच्या हिशोबात बीएसएच आणि नकाशात शेजारचा रंग असेल तर वही खोडू नका. दोन्ही लिहा, आकडे बाजूला ठेवा, आणि तालुक्याचा महारेनवरचा पाऊस घेऊन चौथी पायरी पुन्हा एकदा करा. सांगोल्याचं आणि बार्शीचं उत्तर सारखंच येतं का, तेही त्यात कळेल.